नवमीचा भोपळा

पहाटेच्या ओलसर उजेडात उमललेल्या भोपळ्याच्या फुलाचा पिवळा रंग तुम्ही कधी निरखून पाहिला आहे का? मंद्रूपच्या आमच्या काळ्याभोर रानात तो असा काही उजळतो, की ऊन चढून फूल मिटेपर्यंत माझा पाय तिथून निघत नाही. यंदा तर त्या रंगात माझी अब्रूच गुंतली होती! देवीच्या नवमीला साऱ्या गावाच्या महाप्रसादाची भाजी मी एकाच भोपळ्याची करीन, असं चारचौघांत बोलून बसले होते.

रान कसतात माझे धाकटे दीर, सदाशिवराव. मी सोलापुरातली निवृत्त शिक्षिका. एवढं मोठं फळ धरायचं तर खताला हात आखडून कसं चालेल, असं म्हणून त्यांनी युरियाची गोणी पुढे केली, वर चुलीतली राखही आणून ठेवली. मी दोन्ही परत पाठवल्या. माती तपासून घेतली होती ना! आमची जमीन चुनखडीची, पालाश, म्हणजे राखेतही असतं ते पोटॅश, तिच्या पोटात मुबलक. तिच्यात राख म्हणजे खारट आमटीत पुन्हा मीठ. उणीव होती नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, आणि स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची. युरियातलं नत्र एकदम सुटून नुसती पानं माजवतं, म्हणून वेल पसरेपर्यंत ते करडईच्या पेंडीतून हळूहळू दिलं आणि फुलं लागताच हात आवरला. स्फुरद चुन्यात अडकून पडतं, म्हणून ते मुरलेल्या शेणखतात कालवून मुळाशी घातलं. मग एकच फळ ठेवून बाकीची कोवळी फळं खुडली, तेव्हा मात्र जीव कळवळला. पोसणं म्हणजे देत राहणं, ही आपली केवढी भाबडी समजूत!

सदाशिवरावांनी हट्टाने विहिरीकाठी आपला वेल लावला आणि त्याला युरिया पाजला. त्याची हिरवीगार पानं पाहून लोक माझ्या वेलाची कीव करीत. मी मनातून डगमगले नाही, असं नाही. पण मातीवरचा माझा विश्वास अधिक जुना होता. त्यांचा वेल पानांतच मिरवत राहिला आणि माझं फळ दोन्ही हातांच्या कवेत मावेनासं झालं.

नवमीला चौघांनी ते घोंगडीत घालून देवळात आणलं. अखंड भोपळ्याला पहिला सुरा बाईने लावायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज. म्हणून सुरा सदाशिवरावांच्या हाती दिला. त्यांनी भोपळ्यावरून हात फिरवला आणि सुऱ्याची मूठ माझ्याकडे करून ते म्हणाले, "वैनी, पैला सुरा तुमीच लावा. मी निस्ती पानंच वाढवली की."

मी सुरा हाती घेतला. मला अतिशय आनंद झाला आणि तो मी लपवलाही नाही. जाड साल करकरत फाकली, आणि आत पहाटेच्या फुलाचा तोच पिवळा रंग! एवढ्या काळ्या मातीत हा कुठे दडलेला असतो? मला वाटतं, तो तिथे असतोच. आपल्या उतावीळ मायेखाली तो बुजू नये, एवढंच आपण पाहायचं. शेवटची पंगत उठली, तेव्हाही पातेल्यात भाजी शिल्लक होती.