आमदार आबा लग्नाला आले नाहीत

आमच्या भागातून एकदाच आमदार झालेले कैलासवासी किसनआबा मयताच्या घरी गेले, की अंथरलेली सतरंजी हाताने बाजूस सारून उघड्या भुईवर बसत. बोलत काहीच नसत. घरच्या कर्त्या माणसाने घोटभर पाणी घेतल्याशिवाय मात्र उठत नसत.

आबांची सर्व निवेदने व पत्रके कळमनुरीच्या तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या माझ्याच लेखणीतून उतरली, हे येथे नम्रपणे नमूद करणे प्राप्त आहे. ते म्हणत, "अर्जनवीस, तुमचं लिव्हलेलं वाचून मलाच माझा धाक वाटून राहिला."

दुसऱ्या निवडणुकीच्या तोंडावर डोंगरकड्याकडील बागायतदार दत्तराव पाटील यांच्या कन्येचा विवाह होता. पाटलांच्या शब्दावर चार गावे मतदान करीत. शुभाशीर्वादाचे भाषण लिहून मी आबांसोबत जीपमध्ये बसलो. वाटेत फोन आला, की एका वस्तीवरचा सालगडी विहिरीच्या कामावर दगावला. आबांनी गाडी तिकडे वळवण्यास सांगितले.

"आबा, काहून इकडं?" ड्रायव्हर कळवळला. "तिकडं पाटील वाट पाहून राहिले. निवडणूक हाय!"

"पाटलाकडं हजार पाव्हणे हायती. त्या गड्याच्या बायकोपाशी आज कोन हाय?"

मांडवात पाटलांनी आमदारांसाठी अंतरपाट धरून ठेवला होता. मुहूर्त टळला. व्याह्यांनी चारचौघांत टोमणा मारला, "काय पाटील, आमदार तुमच्या खिशातला हाय म्हनत होते नव्हं?" पाटलांनी तो गिळला, परंतु चारही गावांची मते विरोधात गेली आणि आबा पडले.

निकालाच्या संध्याकाळी मी सांत्वनपर वाक्ये योजून, गंभीर मुद्रेने त्यांच्या घरी गेलो. आबा म्हणाले, "तोंड सरळ करा, अर्जनवीस. कोन मेलं न्हाई."

पुढे काही वर्षांनी, ऐन लग्नसराईत, पाटलांची पत्नी वारली. आबा एसटीने निघाले. मीही सोबत गेलो. पाटील ओसरीवर कोरड्या डोळ्यांनी बसले होते. विद्यमान आमदारांचा फोन तेवढा येऊन गेला होता. आबा पाटलांशेजारी जाऊन बसले.

पाटील म्हणाले, "आबा, तवा लग्नाला आले असते, तर आज आमदार राहिले असते."

"व्हय," आबा म्हणाले, "मग आज कोनाच्या तरी लग्नात असतो, पाटील."

सकाळपासून न रडलेले पाटील तेव्हा आबांच्या खांद्यावर डोके टेकून रडले.