पिंपांच्या खोलीचा विटाळ

तासगावकडं आमची स्वतःची द्राक्षबाग, स्वतःची लाकडी पिंपं. आबा, म्हणजे माझे वडील, त्या द्राक्षांची वाइन करायचे. मिरजेचे गोरे साहेब तिला वाइन म्हणत, गाव सरळ दारू म्हणायचं. आबांना दोन्हीचं काही नव्हतं. माणूस हट्टी, पण त्या कामात जीव ओतायचा. रस आंबायला लागला की मला कडेवर घेऊन पिंपाला कान लावायला सांगायचे. आतली फसफस थांबली की झाकण गच्च लावायचं, मग वारा म्हणून लागू द्यायचा नाही, हे मी पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी शिकले.

पुढं मी शहाणी झाले आणि त्याच दिवशी पिंपांची खोली मला बंद झाली. महिन्यातले ते चार दिवस नव्हे, कायमचीच. बाईच्या विटाळानं रस नासतो म्हणे. ज्या माणसानं मला सगळं शिकवलं त्यानंच माझ्यासमोर कडी घातली. लय राग आला मला, आजही येतो.

लढाई संपली आणि दादा, माझा थोरला भाऊ, फौजेतून परत आला. आबांनी खोली त्याच्या हवाली केली. दादाला चाखायचा भारी नाद. उठसूट झाकण काढायचा, वाटीभर प्यायचा आणि झाकण तसंच तिरपं ठेवून बाहेर यायचा. मी अंगणातून बघत होते. शेवटी आबांना सांगितलं, वारा लागतोय, सगळं आंबट होईल. ते म्हणाले, पुरुषमाणूस चाखणारच, तू तुझ्या भाकरी बघ.

पावसाळ्यात सगळ्या वाइनचा शिरका झाला. वासानं अंगणात उभं राहवेना. आबांनी दादाला एका शब्दानं विचारलं नाही. मला समोर बोलावलं.

"आत गेली व्हतीस का?"

"न्हाई आबा. देवाशप्पत न्हाई."

त्यांनी मान फिरवली. ज्या माणसावर माझा सगळ्यात जास्त जीव, त्यालाच मी खोटी वाटले. खापर माझ्या डोक्यावर फुटलं ते फुटलंच. तुळशीची लग्नं झाली आणि लगेच मला फलटणला उजवून टाकलं. घर बघायलासुद्धा आबा गेले नाहीत. पिंपं वाचवायची घाई होती, दुसरं काय.

पुढच्या पावसाळ्यात बाळंतपणाला माहेरी आले, तर दारातच तोच आंबट वास. पुन्हा सगळी वाइन नासली होती. आणि हा सगळा हंगाम मी फलटणला होते, तासगावच्या मातीला माझा पायसुद्धा लागला नव्हता. जळो मेली ती वाइन, मला मनातून बरं वाटलं. आता तरी आबा म्हणतील, पोरी, चुकलं माझं. जेवणं उरकली. आबा ओसरीवर बसले होते. मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिथंच थांबले.

दादाचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं, पण मला दिवस गेलेले म्हणून सासरनं पाठवलं नव्हतं. नवी वहिनी आत चुलीपाशी खरकटं काढत होती. आबांनी तिच्याकडं बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "ती गेली असंल आत."