पॅनलवर आलेलं आईचं नाव

"मंदा कोण आहे?"

सरांनी हे विचारलं तेव्हा मी नववी ब च्या वर्गासमोर उभी होते. माझा सराव पाठ चालू होता. विषय विज्ञान, घटक सूक्ष्मजीव. भिंतीवर मोठा पॅनल, ज्याला पोरं स्मार्ट बोर्ड म्हणतात. माझा मोबाइल वायरीनं त्याला जोडलेला. पॅनलवर दह्यातले जीवाणू दिसत होते. आठवडाभर खपून बनवलेली स्लाइड होती ती. आणि त्या जीवाणूंच्या डोक्यावर एक पांढरी पट्टी उतरली.

"वॉर्ड ९ चा संडास पुन्हा तुंबला. मंदाला पाठवा."

मी घाबरले. पट्टी घालवायची म्हणून पॅनलवर बोट दाबलं. ती सरकवायची असते, दाबायची नसते. दाबली तर उघडते. मोबाइलवर हे मला झोपेतही जमलं असतं, पण भिंतीएवढ्या पॅनलवर हात चुकला. निरोपांचा अख्खा गट उघडला. वर नाव, सफाई कामगार. खाली सकाळपासूनचे हुकूम. मंदा, फिनाईल संपलं. मंदा, दोन नंबरची बाथरूम. मंदा कुठं मेली?

छत्तीस पोरापोरींनी ते मोठ्यानं वाचलं. धडा कधी इतक्या एका सुरात वाचला नसेल. मग हसू फुटलं. मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेले माझे सोबती, उद्याचे शिक्षक, तेही हसले. सर हसले नाहीत. त्यांनी शांतपणे खिशातून मोबाइल काढला, पॅनलचा फोटो घेतला आणि मग विचारलं.

मी म्हणाले, "माहीत नाही सर. चुकून आलाय."

मंदा माझी आई आहे.

"माहीत नाही? तुझ्या प्रवेशाच्या फॉर्मवर मला वेगळंच काही आठवतं," सर म्हणाले. मग वर्गाकडे वळून, "प्रात्यक्षिक मॅडमच्या घरीच आहे, स्लाइड कशाला बनवली कोण जाणे."

पुन्हा हसू. मी वायर काढली. पॅनल निळा झाला. उरलेला पाठ मी खडूनं पूर्ण केला आणि एकाही पोराच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

हे सर आम्हाला बी.एड.ला तंत्रज्ञान शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना उभं करून नाव आणि आडनाव विचारलं होतं. काहींना पुढे विचारलं, वडील काय करतात, वर्ध्यात दुकान कुठं. माझं आडनाव ऐकून नुसतं "बरं" म्हणाले. ते "बरं" मी पहिलीपासून ऐकत आले आहे.

कॉलेजातला पॅनल कव्हर घालून ठेवलेला असतो. चावी सरांकडे. त्यांचा नियम असा की आपलं आपलं यंत्र आणायचं, जोडायचं, मग सराव. माझी मैत्रीण शीतल हिच्या बापाचं कापडाचं दुकान. तिच्याकडे लॅपटॉप. तिच्यासारख्या पाच-सहा जणांचा सराव व्हायचा आणि माझी पाळी येता येता तास संपायचा. दोन वर्षांत पॅनलला माझं बोट दोनदा लागलं. मी आमच्या गावी, आंजीला, घरी कपाटाच्या पत्र्यावर सराव करायची. इथं बटण, इथं पुढची स्लाइड, इथं पेन. बोटानं सरकवायची, दोन बोटांनी मोठं करायची. आई चुलीपाशी बसून पाहायची.

"काय पुसून राह्यली वं त्या कपाटाले? म्या सकायीच पुसलं."

"पाठाची तयारी करतेय."

"मंग कर. पण पोचे नको पाडू."

घरात आम्ही दोघी आणि मोबाइल एक. आई वर्ध्याच्या एका खासगी दवाखान्यात सफाईचं काम करते. मोबाइल घेतला तो माझ्या शिक्षणासाठी, दिवसा तो माझ्याकडेच असतो, पण नंबर तिचा. कामाच्या गटावर उद्याची पाळी येते, कुठला मजला ते येतं. आईला सही येते, वाचता येत नाही. संध्याकाळी मी तिला वाचून दाखवते. मंदा, फिनाईल. मंदा, वॉर्ड नऊ. "कुठं मेली" हे मी कधी वाचत नव्हते. ते गाळून पुढचं सांगायची. तेवढीच माझी माया.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आर्वी नाक्यावर ऑटोची वाट पाहत उभी राहिले. तिथंच मोबाइल काढला आणि त्या गटातून बाहेर पडले. आईच्या नंबरवरून, आईला न विचारता. वाटलं, आता कुठल्याही वर्गात ती पट्टी उतरणार नाही. सुटल्यासारखं वाटलं. आज हे लिहिताना स्वतःच्या कानशिलात द्यावीशी वाटते.

दोन दिवसांनी आई घरी आली ती न बोलता न्हाणीत गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल.

पाळी बदलल्याचा निरोप गटावर आला होता. तिला तो कळलाच नाही. ती जुन्या वेळेला गेली. मुकादमानं तिला फाटकाशी उभं केलं. आत घेतलं नाही, घरीही जाऊ दिलं नाही. पेशंटचे नातेवाईक, नर्सा, डबेवाले, सगळे तिला पाहत गेले. दुपारी माफीच्या कागदावर सही घेतली.

"मले म्हणे, गटातून निंगून गेली, लय शायनी झाली का तू. म्या काईच नाई केलं वं. माह्यानं कुठं बोट लागलं असन." ती मोबाइलकडे पाहत होती. "तुह्या मोबाइलले मी आता हातच नाई लावत."

तोंडापर्यंत आलं होतं, पण नाही बोलले. दुसऱ्या दिवशी तिनं खरंच मोबाइलला हात लावला नाही. वाजला तर लांबून हाक मारायची, "पाय वं, काय म्हणते तो." जेवताना तो जवळ असला तर ताट सरकवून बसायची.

तिसऱ्या दिवशी सांगितलं. सगळं. पट्टी, वाचणारी पोरं, सरांचा प्रश्न, माझं उत्तर. गट मीच सोडला तेही.

ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

"मंग आधी सांगाचं होतं ना," ती म्हणाली. "मी मुकादमाले म्हटलं असतं, माह्यं नाव दुसरं टाक म्हणून. कोणतंबी. मले काय, हाक मारली का जाचं."

आईनं माझ्या लाजेसाठी स्वतःचं नावसुद्धा सोडायची तयारी दाखवली, आणि तीही पालकाची देठं मोडता मोडता. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि रडले. पोट दुखेपर्यंत रडले. सरांचा राग आलाच नाही त्या वेळी. माझीच किळस आली. त्यांनी टोमणा मारला होता, पण आईला नाकारलं ते मी. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता.

पुढच्या मंगळवारी सरांचा तास होता. विषय, मोबाइलचा पडदा वर्गाला दाखवताना घ्यायची काळजी. सरांनी पॅनल सुरू केला. तिसऱ्या स्लाइडवर तो फोटो आला.

माझा पाठ. माझे जीवाणू. त्यावर उघडलेला गट. मंदा, मंदा, मंदा. कडेला माझा अर्धा खांदा आणि वेणी. वर सरांनी लाल अक्षरांत शीर्षक दिलं होतं: पाठात काय टाळावे.

"बघा," सर म्हणाले, "घरची घाण वर्गात कशी येते. दरवर्षी मी हे उदाहरण दाखवणार आहे."

वर्ग हसला. शीतलनं माझ्या हातावर हात ठेवला, पण हसू तिच्याही ओठावर होतं.

मी उठले.

"सर, मंदा माझी आई आहे."

हसू थांबलं.

"मग त्या दिवशी माहीत नाही का म्हणालीस?"

"खोटं बोलले. भ्याले होते. ती स्लाइड काढा."

"यात कुणाचं पूर्ण नाव नाही. तू मनाला लावून घेऊ नको. बस."

"तुम्हाला नाव माहीत आहे, सर. फॉर्मवर वाचलंत. काढा."

"खाली बस. अंतर्गत गुण कोण देतं, लक्षात आहे ना?"

"आहे. काढा."

सरांनी पुढची स्लाइड लावली. "झालं? बस आता."

"पुढची नको सर. ही फाइलमधून काढा. माझ्यासमोर."

त्यांनी पॅनलच बंद केला, लॅपटॉप उचलला आणि निघून गेले. तास अर्धा बाकी होता. थोड्या वेळानं शीतल म्हणाली, "अवं, माफी मागून टाक. वर्ष वाया जाईन तुह्यं. एवढ्यासाठी काऊन भांडून राह्यली?"

एवढ्यासाठी. तिच्या घरी कुणी तिच्या आईला असं भिंतीवर लावलं असतं तर दुकान बंद ठेवून चार माणसं आली असती. हे मी तिला बोलून दाखवलं. तेव्हापासून ती दुसऱ्या बाकावर बसते.

मी प्राचार्यांकडे लेखी अर्ज दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सरांचा हेतू शिकवण्याचाच होता." अर्ज टेबलावर ठेवून घेतला. मी पोच मागितली. त्यांना ते आवडलं नाही. शिपायानं शिक्का मारून दिला. स्लाइड अजून सरांच्या लॅपटॉपमध्ये आहे.

माझ्या त्या पाठावर शेरा आला: पुन्हा घ्यावा. शेऱ्याखाली आम्हालाही सही करावी लागते. सरांनी बोलावून सांगितलं, "आठवीला घे. तक्ता वापर. पॅनल तुझ्या हाताला जमत नाही."

मी म्हणाले, "पॅनलवरच घेईन. आणि नववी ब लाच घेईन."

"नववी ब च का?"

"तिथं मी चुकीचं शिकवलंय."

सरांनी बराच वेळ कागद चाळले. शेवटी म्हणाले, "घे. पण गुणांचं मला काही सांगायला येऊ नकोस."

घरी आल्यावर मी मोबाइल आईच्या हातात दिला. ती घेईना. मी तिचं बोट धरून पट्टी सरकवायला शिकवलं. गटात मुकादमानं तिला परत घेतलं होतं आणि सकाळचे निरोप साचले होते. या वेळी मी सगळं वाचून दाखवलं. "कुठं मेली" तेही. आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "असं लिहिते का तो?" तिला इतके दिवस माहीतच नव्हतं. तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण गाळून वाचणं मी आता बंद केलं आहे. दुसऱ्या दिवशी ती मुकादमाला काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सोमवारी दुसऱ्या तासाला माझा पाठ आहे. पोरं मला पाहून हसणार, मला माहीत आहे. कुणीतरी मागून "मंदा" म्हणेल. सूक्ष्मजीव नंतर. आधी मी त्या छत्तीस जणांना सांगणार आहे की मागच्या वेळी मी तुमच्यासमोर खोटं बोलले, मंदा माझी आई आहे, आणि वॉर्ड नऊमधले पेशंट ज्या जंतूंपासून वाचतात ते माझी आई रोज स्वतःच्या हातांनी धुऊन काढते. सर मागे बसून शेरा लिहितील. लिहू देत. तो मी पूर्ण वाचणार, आणि खोटा असला तर त्याखाली सही करणार नाही.