जिताड्याचं डोकं

दत्ताराम बसला तरी त्याचा उजवा पाय बसत नाही. खुर्चीत असो की जमिनीवर, गुडघा आपला वरखाली चालूच. "साचा बंद करा तो," नलिनी म्हणते. गिरणी बंद पडली त्याला जमाना झाला. नंतरची कुरिअरच्या गोदामातली नोकरीही संपली. पण साचेखात्यात मागांच्या ठेक्यावर हलणारा तो पाय काही निवृत्त झाला नाही.

अशी चुळबुळ वाढली की तो चालता पंखा उघडून बसायचा, नाहीतर न गळणाऱ्या नळाचा वायसर बदलायचा. या खेपेला मात्र त्याने मासे पकडायचा रॉड घ्यायचं काढलं. नलिनीला कारण विचारावं लागलं नाही. रविवारी लेक निधी येणार होती, नवऱ्याला घेऊन.

निधीने गेल्या वर्षी प्रीतमशी रजिस्टर लग्न केलं आणि मग फोन करून घरी सांगितलं. मुलगा चांगला होता, नोकरीला होता, बोलायला साधा होता. "मला विचारलं?" एवढंच दत्ताराम म्हणाला, आणि त्यानंतर लेकीशी बोललाच नाही. तिचा फोन आला की उठून खिडकीच्या ग्रिलशी जायचा आणि खालच्या रिक्षा बघत राहायचा. फोन संपला की मात्र नलिनीला विचारायचा, "जेवते ना नीट?"

शेवटी नलिनीनेच ठरवलं. "मी बोलावलंय दोघांना. तुम्ही घरात थांबणार की बाहेर जाणार, ते सांगा. तेवढं एका माणसाचं कालवण कमी."

पाय बराच वेळ हलला. मग तो म्हणाला, "जिताडा मिळाला तर करशील?"

नलिनीचं माहेर खाडीकाठच्या खारेपाटातलं. तिकडे जावई पहिल्यांदा जेवायला आला की सासरा स्वतः तळ्यात उतरून जिताडा काढतो आणि माशाचं डोकं जावयाच्या ताटात वाढतो. डोकं वाढलं की तो घरचा झाला. बोलावं काही लागत नाही. नलिनीच्या वडिलांनी दत्तारामला असंच वाढलं होतं. तेही न बोलणारेच.

"बाजारातून आणते चांगलासा," ती म्हणाली.

"विकतचा कोणीही वाढेल."

"आणि तुम्ही कुठल्या तळ्यात उतरणार? मालाडात?"

"खाडी आहे की मार्व्याला."

लहानपणी तो हातानेच गळ टाकायचा. आता बोटांत तेवढी पकड राहिली नव्हती. म्हणून रॉड. तो घ्यायला नलिनी बरोबर गेली, कारण एकटा गेला तर काय उचलून आणेल याचा भरवसा नव्हता.

दुकान पद्मजा नावाच्या बाईंचं होतं. चष्मा कपाळावर, समोर चहाचा कप, मागे भिंतभर रॉड. दत्तारामने सरळ सगळ्यात जाड रॉड उचलला.

"शार्क धरायचाय का काका?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"जिताडा."

"मग हा ठेवा खाली. बांबू आहे तो. मासा ओढेल तेव्हा रॉड वाकला पाहिजे. नाहीतर त्याचं तोंड फाटतं आणि हुक निसटतो." त्यांनी एक बारीकसा, शेंड्याला लवणारा रॉड त्याच्या हातात दिला. रीलही मोठी नको म्हणाल्या, दिवसभर मनगटाला झेपेल एवढीच घ्या.

ल्युअरच्या खोक्यापाशी दत्ताराम रमला. प्लॅस्टिकचे रंगीत मासे, पोटाखाली आकडे. त्याने लालभडक, चमचमता निवडला.

"हा मला आवडला."

"तुम्हाला आवडून काय उपयोग? तुम्ही खाणार आहात का?" पद्मजाबाईंनी मळकट हिरवा, बोयट माशासारखा दिसणारा काढून दिला. नलिनीला ही बाई पटली.

मग दोरी. रीलवर बारीक विणलेली, आणि पुढे हातभर लांब, जाड नायलॉन, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते. "ही दोन जोडायची गाठ वेगळी असते, काका. विणलेली दोरी फार घसरते. आणा, मी मारून देते."

दत्ताराम हसला. वर्षभरात नलिनीने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. "बाई, मी साचेखात्यातला. चालत्या साच्यावर तुटलेला धागा न बघता जोडायचो. गाठ शोधून सापडायची नाही."

"ते सूत होतं काका."

"धागा तो धागा," दत्ताराम म्हणाला आणि पिशवी उचलली.

पुढचे दिवस घरात धड पाय टाकता येईना. ल्युअर नलिनीच्या गाऊनला अडकला, मग पडद्याला. तो गच्चीवर फेकायचा सराव करायला गेला आणि शेजारच्या धोंडिरामची वाळत घातलेली लुंगी घेऊन खाली आला. "हा तर लगेच लागला," नलिनी म्हणाली. त्याने ऐकलं नाही. मध्येच उठून गाठ ओढून बघायचा. दातांनी टोकं कापून तिच्यापुढे धरायचा. "बघ. दिसते?" खरोखर दिसत नव्हती.

शनिवारी भरती चढायला लागली तशी दोघं मार्व्याच्या खडकांवर गेली. खडक शेवाळलेले, म्हणून नलिनी चहाचा थर्मास घेऊन बरोबर आली होती. तो फेकत होता, रील फिरवत होता, पुन्हा फेकत होता. जागा बदलायचा, परत पहिल्या जागी यायचा. थर्मास संपला. नलिनी म्हणाली, "चला आता. मला कोलंबी सोलायचीय."

"एकदा," तो म्हणाला.

आणि रॉड वाकला. रील किंचाळली. काठावरच्या तिवरांजवळ पाणी फुटलं आणि मासा निम्मा बाहेर आला, तोंड उघडं, डोकं झाडत. केवढं डोकं! नलिनी नकळत उभी राहिली. दत्ताराम रॉड विसरून गेला. लहानपणच्या सवयीने त्याने पुढे होऊन दोरी हातानेच धरली. पुढच्या क्षणाला रॉड सरळ झाला.

तो दोरी गुंडाळत राहिला. टोक हातात आलं तेव्हा बोटातून रक्त येत होतं.

"तुटली?" नलिनीने विचारलं.

त्याने टोक तिच्यापुढे धरलं. कुठे फाटलेलं नाही, पिंजलेलं नाही. वळण मात्र तसंच राहिलं होतं, साच्याच्या गाठीचं. "सुटली," तो म्हणाला.

परतताना रिक्षात त्याचा पाय हलत नव्हता. नलिनीला तेच नको वाटलं. कोपऱ्यावर मासळीवाली दिसली तेव्हा नलिनीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नको.

रविवारी ताटात कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. निधी आईशी जरुरीपेक्षा मोठ्याने बोलत होती. प्रीतम भाकरीचे फार लहान तुकडे करत होता. दत्ताराम दोनदा उठला, एकदा पाण्याला आणि एकदा काही कारण नसताना.

"बाबा, बोटाला काय लागलं?" प्रीतमने विचारलं.

नलिनीचा डाव वाटीवर थांबला. दत्तारामने बोटाकडे पाहिलं, जसं काही ते दुसऱ्याचं होतं.

"दोरीने कापलं. जिताडा लागला होता."

"मग?"

"गाठ सुटली. माझी." तो उठला, उष्ट्या हातानेच कोपऱ्यातला रॉड घेऊन आला आणि रिकामं टोक प्रीतमपुढे धरलं. "बाईंनी सांगितलं होतं, घसरेल म्हणून. मी ऐकलं नाही. एवढा होता." त्याने हात पसरले. कालवणाचा थेंब खाली अंथरलेल्या चादरीवर पडला. "डोकं तुझ्या ताटात वाढायचं होतं."

निधीने मान खाली घातली. आजोबांच्या त्या जेवणाची गोष्ट तिने आईकडून कितीदा ऐकली होती. प्रीतमला काहीच माहीत नव्हतं.

"डोकं कशाला?" तो घाबरून म्हणाला. "मला काटे काढता येत नाहीत."

"गप रे," निधी म्हणाली.

"येतील," दत्ताराम म्हणाला. "अमावस्येला उधाण असतं. सुट्टी काढ." त्याचा गुडघा परत सुरू झाला होता. "आधी त्या पद्मजाबाईंकडून ती गाठ शिकून घेऊ. दुकान उघडं असेल. चल."

"आत्ता?" नलिनी म्हणाली. "भात वाढायचाय अजून!"

"झाकून ठेव," दत्ताराम दारात चप्पल शोधत म्हणाला. "निधी, याची दुसरी चप्पल कुठे गेली बघ गं."