हुहाह

गेल्या रविवारी लेकीचा साखरपुडा झाला, आणि अजून कचेरीत फाईल उघडली की मला एकट्यालाच हसू येतं. मी कमी बोलणारा माणूस. कमी का बोलतो, हे आजवर बायकोलाही नीट सांगितलं नव्हतं.

आमचं मूळ घर उधवा गावातलं. आमच्याकडे बोलताना स टिकत नाही, त्याचा ह होतो. साखर ती हाखर, सासू ती हाहू. डहाणू रोडला नोकरीला लागलो, पहिल्याच दिवशी 'हाहेब' म्हणालो आणि अख्खी कचेरी हसली. मग स इतका जपायला लागलो की एकदा पंखा लावून साहेबांना विचारलं, "सवा येते ना?" तेव्हापासून तोंड बंद ठेवलं.

आता लेकीनं मुलगा पसंत केला, त्याचं नाव सुहास. माझी आई त्याला म्हणते हुहाह. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हिनं मिरची चावली. मुलाच्या घरची गंजाडला चिकूची बाग. त्याची आई शाळेत शिकवते, आणि शिकवते काय, तर मराठी. माझी झोपच उडाली.

साखरपुड्याच्या सकाळी मी आईला बाजूला घेतलं. "तिथे मुलाचं नाव घेऊ नकोस. कुणी काही विचारलं तर नुसतं हस."

"नुहतं हहू? वेडी हमजतील मला."

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पदर सारखा केला. "तुला लाज वाटते ना, मग नाही बोलत." हॉलपर्यंत रिक्षात ती खरंच एक शब्द बोलली नाही. मीही मान वळवली नाही.

हॉल भरला. वधूपिता म्हणून मला स्वागताचं एकच वाक्य बोलायचं होतं, ते मी आरशासमोर घोटून आलो होतो. "आमचे होणारे जावई, चिरंजीव..." पहिला स छान आला. त्या आनंदात जीभ पुढच्या ह वरही सुधारणा करून बसली.

"सुसास."

"सुशांत म्हणाले का हो?" व्याह्यांकडचे एक काका शेजाऱ्याला विचारत होते. "पत्रिकेत तर वेगळंच होतं."

मी घसा साफ केला आणि ठासून म्हणालो, "सुसास."

मागून आईचा आवाज आला. "अरे, हुहाह हांग ना. एवढं हरळ नाव आहे."

हॉल हसला. मला कचेरीतला तो पहिला दिवस आठवला. आईनं मात्र जीभ चावली आणि पदर तोंडाला लावला, माझं ऐकलं नाही म्हणून. तेवढ्यात मुलाची आई उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. "परत घ्या ना नाव. किती गोड घेता तुम्ही."

आई माझ्याकडे बघायला लागली. परवानगीसाठी. आपल्या आईनं बोलू की नको म्हणून आपल्याकडे बघावं, हे फार वाईट असतं.

"हांग, आई," मी म्हणालो. सगळ्यांदेखत, मोठ्यानं.

"हुहाह," ती म्हणाली, आणि मुलगा उठून पाया पडला. "बरोबर आहे, आजी. मी तोच."

मग बायकांनी लेकीला नाव घ्यायला लावलं. तिनं काहीतरी पाठ केलं होतं म्हणे, पण ते सोडून आजीकडे बघत तिथल्या तिथे उखाणा रचला:

"दूधभाताचा आजीनं भरवला घाह,
तिच्या नातजावयाचं नाव हुहाह."

हशा थांबेचना. आई डोळे पुसत शेजारणीला सांगत होती, "घाह माझाच, बरं का."

सोमवारी साहेबांनी विचारलं, कसा झाला कार्यक्रम?

"हुंदर झाला, हाहेब," मी म्हणालो आणि पंखा मोठा केला. हवा छान येत होती.