मामाने बंद केलेली लाइन

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. "तुझे मामा गेले वं," मामी म्हणाली. शहराबाहेरच्या वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात उभा जन्म काढलेला हा माणूस नातेवाइकांत 'कुत्र्यांचा मामा' म्हणूनच ठाऊक होता. लॅब्राडॉर पाळायचा, त्यांची पिल्लं द्यायचा. पण पिल्लू मागायला येणाऱ्याची अशी उलटतपासणी घ्यायचा की मुलगी देतानाही कोणी एवढं विचारत नसेल. घरी दिवसभर कोण असतं, उन्हाळ्यात कुठे ठेवाल, कूलर आहे का? उत्तर पटलं नाही तर चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवायचा.

आमच्या नागपुरात कुत्रं घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, पेपर, म्हणजे वंशावळीचे कागद, आहेत का? मामाकडे ते असायचेच. प्रत्येक पिल्लाची नोंदणी तो करायचा, चिपही बसवायचा. पण मला म्हणायचा, "कागदावर माय-बाप कोण ते लिहून राह्यते. त्याचे हाडं कसे आहेत, ते कुठं लिहून राह्यते?" म्हणून जोड लावण्याआधी तो नर-मादी दोघांच्या खुब्यांचा एक्स-रे काढायचा. त्याच्या लाडक्या राणीचाही काढला होता, आणि तो चांगला होता. तरीही तिची पिल्लं मोठी होऊ लागली तशी त्यांतली काही मागच्या पायांनी लंगडू लागली.

एक्स-रेत न दिसलेला दोष रक्तातून उतरला होता. मामा खचलाच. राणीसारखी देखणी मादी त्याच्याकडे पुन्हा झाली नव्हती, प्रदर्शनांत लोक तिच्याभोवती जमायचे. त्याने तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून टाकलं, घरातल्या तिच्या लेकीचंही केलं, आणि इतक्या वर्षांची लाइन, राणीचा सगळा वंश, स्वतःच्या हातांनी बंद केली. मग पिल्लं नेलेल्या एकेका घरी गेला. तुमचं कुत्रं धडधाकट दिसत असलं तरी त्याची जोड लावू नका, असं हात जोडून सांगून आला. "मामा, तू काहून एवढा जीव जाळून राहिला?" मी विचारलं होतं. "दुखलं तं सांगता येते का त्यायले?" तो म्हणाला. पिल्लं नेलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्या डोलावलेल्या मानांवर विसंबून बिचारा गेला. हे लिहितानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तेरवीला वाडीचे गुड्डूभाऊ आले. राणीचा एक पोरगा, शेरू, त्यांच्याकडे आहे. त्यांच्या कडेवर चार-पाच महिन्यांची पिल्ली होती. "वहिनी, शेरूची पोरगी. राणीची नात. तुमच्यासाठी आणली. पेपर एकदम ओके," ते मामीला म्हणाले. "भाऊचं नाव चालू राह्यलं पाहिजे नं!" त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते... अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी एवढंच विचारलं की बाकीची पिल्लं कुठे आहेत. "गेले नं हातोहात," ते म्हणाले. "कोनी रायपूरले, कोनी कुठं. पेपर असले की कोन थांबते?"

त्यांनी पिल्लीला खाली सोडलं. ती आनंदाने धावली, पण मागचे दोन्ही पाय एकदमच उचलत, सशासारखी. "पाहा कशी ठुमकते," कोणीतरी हसलं. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय फाकले आणि ती बसली. मामी आत गेली, सासूच्या काळातलं हातमागाचं जाड लुगडं आणलं, घडी घालून पिल्लीखाली अंथरलं. "राणीच्या पिल्लायसाठी ते असंच टाकत होते," ती हळूच मला म्हणाली.

आता मामीच्या घरात फरशी दिसत नाही. दारापासून ओट्यापर्यंत लुगडी, पोती, मामाच्या जुन्या चादरी अंथरलेल्या असतात. पिल्ली उठायला जाते, बसते, पुन्हा उठते. मामी वाकून चादरीची सुरकुती सरळ करते, आणि पिल्ली तिच्या हाताला शेपटी हलवते.