मुहूर्ताची मोजणी

नव्वदच्या दशकात मी इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात मेनफ्रेम, म्हणजे कपाटाएवढा संगणक, सांभाळायचो. खंडेनवमीला मी त्या मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि मुहूर्ताचं काम म्हणून उसाच्या वजनाच्या टेबलातल्या, म्हणजे मशीनमधल्या तेव्हा रिकाम्या असलेल्या तक्त्यातल्या, नोंदी मोजून घेतल्या. ही आकडेवारी बघूनच मशीन ठरवतं, नोंद नेमकी शोधायची की सगळं टेबल चाळायचं; नोंदी थोड्या असल्या तर चाळणंच सोपं. गाळप सुरू झाल्यावर पुन्हा मोजायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम, पण मी आळस केला. टेबलात हजारो नोंदी साचल्या, तरी मशीन ते रिकामंच समजून प्रत्येक पावतीला सगळं चाळत बसलं.

वजनकाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली. तिसऱ्या दिवशी बावड्याचा एक ड्रायव्हर चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन माझ्या खोलीत आला.

"कालधरनं उभा हाय मी. पावती दे."

"मशीनच हळू चाललंय, थांब," मी म्हणालो.

त्यानं टॉमी आधी टर्मिनलच्या पडद्यावर घातली, मग माझ्या खांद्यावर. वॉचमननी त्याला फरफटत बाहेर नेलं आणि काट्यापाशी, सगळ्या रांगेसमोर, तोंड फुटेपर्यंत काठ्यांनी हाणलं.

मी दुसऱ्या टर्मिनलवर आकडेवारी उघडली. नोंदी शून्य होत्या आणि तारीख खंडेनवमीची. तसाच एका हातानं मोजणी पुन्हा चालवली. पावत्या भराभर निघू लागल्या, रांग सरकू लागली.

"बघितलं? हाणल्याशिवाय ही ड्रायव्हर लोकं वठणीवर येत न्हाईत," कारखान्याचे साहेब आत येऊन म्हणाले.

खिडकीतून तो ड्रायव्हर तुटलेला दात थुंकताना दिसत होता.

"व्हय साहेब," मी म्हणालो.